कारवाँ आहे, सराई कुठे?

येत्या डिसेंबरात माझा भाचा सुट्टीवर येतोय. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला, तो गेली बारा वर्षं आहे. दर वेळी नागपूरला उतरून नातेवाइकांच्या घरी बिर्याणी खात दिवस काढण्यापेक्षा या वेळी त्याला बायको, दोन मुली आणि त्याची अम्मी, म्हणजे माझी थोरली बहीण, यांना घेऊन गडचिरोलीचं जंगल दाखवायचंय. तेही भाड्याच्या कॅराव्हॅनमधून. आतच झोपायची सोय, छोटी शेगडी, संडास आणि पाण्याची टाकी असलेली गाडी. परवा फोनवर त्यानं अगदी साधा प्रश्न विचारला, "मामू, आलापल्लीत रात्री गाडी कुठे लावायची?"

मी चंद्रपूरचा. अब्बांनी आलापल्ली ते बल्लारपूर सागवानाचा ट्रक बावीस वर्षं चालवला. त्या रस्त्यावर कुठल्या वळणावर गाडी दमते, कुठल्या टपरीवर पहाटे चहा मिळतो, हे मला लहानपणापासून पाठ. तरी या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. "बघून सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो फक्त गाडी लावायच्या जागेचा प्रश्न नाही.

आधी बेत सांगतो. अजून कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी नागपूर ते चंद्रपूर, साधारण दीडशे किलोमीटर. वाट थोडी वाकडी केली तर समुद्रपूर तालुक्यातलं गिरड लागतं. तिथे टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. सुपारी-खारकेसारखे गोल दगड तिथे सापडतात आणि एका व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. गिरडला हिंदू-मुसलमान दोघंही येतात. सावली आहे, पाणी आहे, दुपारचा डबा खायला जागा चांगली. संध्याकाळी चंद्रपूर. गोंड राजांचा परकोट, जटपुरा आणि पठाणपुरा गेट मुलींना दाखवायचे आणि मुक्काम आमच्या घरी.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण ते तासांत मोजायचं, किलोमीटरात नाही. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. खाली चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. आष्टीपासून पुढे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रांगेनं भेटतात. म्हणून माझा पहिला नियम : या रस्त्यावर अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. दुपारी तीनपर्यंत आलापल्ली गाठायचं.

तिसऱ्या दिवशी आलापल्ली केंद्र धरून फिरायचं. जवळच 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' आहे. जुन्या, सरळसोट, मान मोडून बघावं लागेल अशा सागवानाचं सहा हेक्टरांचं राखलेलं जंगल. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. भामरागडच्या रस्त्यावर साठेक किलोमीटरवर हेमलकसा, बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला आणि प्रकाश व मंदाकिनी आमट्यांनी उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प. आधी विचारून, वेळ घेऊन जायचं. ते प्राणिसंग्रहालय नाही, दवाखाना आणि शाळा आहे, हे मुलींना आधी समजावायचं. पुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर भामरागडची वाट अडवतो, म्हणून जून ते सप्टेंबर हा बेत करायचाच नाही. एप्रिल-मे तर आमच्या भागात माणसांनी घराबाहेर पडायचे दिवसच नव्हेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा अर्धा, हाच खरा मोसम.

चौथ्या दिवशी आलापल्लीहून दक्षिणेला सिरोंचा, शंभरेक किलोमीटर. वाटेत रेपनपल्लीहून आत वळलं की कमलापूरचा हत्ती कॅम्प. एके काळी लाकडं ओढणाऱ्या हत्तींचा हा तळ. २०२२ मध्ये इथले हत्ती गुजरातेत हलवायची गोष्ट निघाली तेव्हा गावकरी उभे राहिले होते. सिरोंच्याजवळ वडधमला डायनासोरच्या काळातले जीवाश्म आणि दगड झालेली झाडं आहेत. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणातलं काळेश्वरम. बाजारात मराठीपेक्षा तेलुगू जास्त कानावर पडते. आलापल्ली-सिरोंचा रस्त्याबद्दल आमच्याकडे इतकं बोललं, लिहिलं आणि आंदोलनं झाली आहेत की मी नवं काही सांगत नाही. निघायच्या आदल्या दिवशी आलापल्लीच्या चौकात चार ड्रायव्हरांना विचारायचं, त्यांची साक्ष नकाशापेक्षा खरी.

बरोबर काय घ्यायचं? डिझेल आलापल्ली-अहेरीलाच पूर्ण भरायचं. मच्छरदाणी आणि डास पळवणारं मलम, कारण हा जिल्हा हिवतापाचा जुना बालेकिल्ला. पिण्याचं पाणी दोन दिवसांचं. रोख पैसे, कारण नेटवर्क गेलं की फोनमधले पैसे असून नसल्यासारखे. आणि जंगलात चूल पेटवायची नाही. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत तर वनखात्याचा वणव्याचा हंगाम असतो, पण बाकीच्या महिन्यांतही नाही.

बेत असा अगदी तयार आहे. त्यात फक्त तीन रात्रींची जागा कोरी आहे.

चंद्रपूर सोडल्यावर त्या गाडीला उभं राहायला अधिकृत अशी एक जागा मला सांगता येत नाही. वनखात्याची विश्रामगृहं आहेत, पण ती मुळात साहेबांच्या दौऱ्यांसाठी बांधलेली. मिळाली तर नशीब, आणि कुणी अधिकारी आला तर खोली सोडायची तयारी. काही लॉज आहेत. पेट्रोल पंप आहेत. ट्रकवाले ढाब्यापुढे झोपतात, तिथे बायकांना संडासची सोय नसते. अब्बा ट्रकच्या टपावर झोपत. ते एकटे होते आणि तेव्हा त्यांचं वय तीस होतं. माझी बहीण सदुसष्ट वर्षांची आहे आणि तिला रात्रीतून तीनदा उठावं लागतं.

आता थोडं त्या गाडीबद्दल. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीही येईल आणि गाडी लावायला कॅराव्हॅन पार्कही होतील, असं त्यात मांडलं आहे. कागदावर चांगलीच गोष्ट आहे. पण मला गंमत वाटते ती त्या शब्दाची. कॅराव्हॅन हा शब्द इंग्रजीनं घेतला तो आपल्या ओळखीच्या फारसी 'कारवाँ'वरून. उंट, घोडे, व्यापारी, हाजी, पोरंबाळं, सगळ्यांचा मिळून चालणारा तांडा. इंग्रजीत जाऊन त्याची गाडी झाली आणि चाकं लागून तो आपल्याकडे परत आला. मात्र निघताना त्याची जोडीदारीण बरोबर होती, ती येताना मागे राहिली. कारवाँची जोडीदारीण म्हणजे सराई. दिवसभराच्या चालीनंतर दार उघडं असलेली, विहीर आणि भिंत असलेली जागा. कारवाँ कधी स्वतःच्या जोरावर चालला नाही. पुढच्या मुक्कामाला पाणी आहे या खात्रीवर तो चालत होता.

शेरशाह सुरीचं राज्य इनमीन पाच वर्षांचं, १५४० ते १५४५. तरी त्याचं नाव आजही रस्त्यासाठी घेतात. इतिहासकारांनी त्याच्या सराईंचं जे वर्णन केलं त्यात दोन गोष्टी ठळक आहेत. एक, त्या दर दोन कोसांवर होत्या. दुसरी, हिंदू आणि मुसलमान दोघांच्या खाण्यापाण्याची व्यवस्था तिथे असे. म्हणजे राजाला ठाऊक होतं की रस्त्यावर सगळ्या तऱ्हेची माणसं येणार, आणि पाणी कुणाच्या हातचं प्यायचं यावर ती अडणार. त्यानं माणसं बदलायची वाट बघितली नाही, सोय आधी केली.

भाच्याच्या ॲरिझोनाची गोष्टही यातलीच आहे. तिथे वाळवंटात क्वार्ट्झसाईट नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात अमेरिकेच्या थंड भागांतून हजारो लोक अशा घरगाड्या घेऊन तिथे येऊन राहतात. भोवतालची जमीन सरकारी आहे. भाचा सांगतो की उघड्या सरकारी जमिनीवर साधारण चौदा दिवस राहता येतं, मग हलायचं. ज्यांना मोसमभर राहायचंय त्यांच्यासाठी १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल वेगळ्या जागा राखलेल्या आहेत, परवाना काढायचा, पैसे भरायचे. तिथे पाणी भरायचा नळ आहे, कचरा टाकायला जागा आहे आणि गाडीच्या संडासची टाकी रिकामी करायचा ठरलेला खड्डा आहे. बाकी सगळं उघडं वाळवंट. पंचतारांकित काही नाही. पण कुठे थांबायचं, किती दिवस थांबायचं, घाण कुठे टाकायची, या तिन्हींची उत्तरं निघायच्या आधी माहीत असतात. म्हणूनच त्यानं मला तो प्रश्न इतक्या सहज विचारला. त्याला वाटलं, उत्तर असणारच.

त्याच क्वार्ट्झसाईटच्या कब्रस्तानात एक कबर आहे, तिच्यावर दगडांचा छोटा पिरॅमिड आणि वर तांब्याचा उंट. ती कबर हाजी अलीची. हा उंटवाला ऑटोमन साम्राज्यातून १८५६ मध्ये अमेरिकेत गेला. अमेरिकी लष्करानं वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणून बघितले होते, ते हाकायला माणसं हवी होती. लोकांना हाजी अली म्हणता येईना, म्हणून त्याचा 'हाय जॉली' झाला. उंटांचा प्रयोग बंद पडला, हाजी तिथेच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. १९३५ मध्ये त्या राज्याच्या हमरस्ते खात्यानं त्याचं स्मारक बांधलं. रस्ते बांधणाऱ्यांनी एका उंटवाल्याची आठवण ठेवली, हे मला आवडलं. अर्थात मी अमेरिकेच्या आरत्या ओवाळत नाही. त्याच देशानं २०१७ मध्ये काही मुस्लिम देशांच्या प्रवाशांना दारातच थांबवलं होतं, आणि ती वाळवंटं मुळात ज्या आदिवासींची, त्यांना कुणी विचारून तळ ठोकले नव्हते. हे दुसरं वाक्य आपल्याला पुढे लागणार आहे.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण टेम्पो ट्रॅव्हलर करून असेच जंगलाकडे निघालो होतो. एका गावातल्या लॉजवर फोन करून दोन खोल्या सांगून ठेवल्या होत्या. रात्री साडेआठला पोचलो. काउंटरवरच्या माणसानं आधार कार्डं मागितली, एकेक वाचलं, आत जाऊन कुणाशी तरी बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "खोल्या भरल्या." मागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. अम्मी तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "चलो बेटा, हुज्जत मत करो." आम्ही पेट्रोल पंपाशेजारी गाडीतच रात्र काढली. पहाटे पुढे निघालो आणि आलापल्लीत एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्या बाईनं अम्मीच्या हालचालीवरून ओळखलं आणि काही न विचारता मागच्या घराचं दार उघडून दिलं. बायका न्हाणीघरात गेल्या. अम्मीनं वुजूसाठी पाणी मागितलं, तिनं बादली दिली, वर अंगणात चटई टाकून दिली. पैसे चहाचे घेतले, बाकीचे नाही.

ही गोष्ट मी घरात अनेकदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणारे दोनांपैकी एका माणसावर बोलतात. कुणी लॉजवाल्याला शिव्या घालतो, कुणी टपरीवालीला दुवा देतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता मला वाटतं, मुद्दा दोघांचाही नाही. मुद्दा हा की नऊ माणसांची रात्र आणि सकाळ दोन अनोळखी माणसांच्या मर्जीवर होती. एकाची मर्जी वाईट निघाली, दुसरीची चांगली. सराई म्हणजे पाहुणचार मर्जीवर न सोडण्याची व्यवस्था. तिथे दराची पाटी असते, जागा असेल तर मिळते, नसेल तर रजिस्टर उघडून दाखवता येतं. ओळखपत्राची नोंद जरूर घ्या, कायदाच आहे तो. पण नोंद ठेवायला नाव विचारणं वेगळं आणि नाव बघून खोली भरणं वेगळं.

हे दुःख फक्त आपलं आहे असं समजून कुढत बसू नये. या राज्यात मुक्काम नाकारला जाण्याचा सगळ्यात मोठा इतिहास दलितांचा आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला येणाऱ्या ज्या वारकऱ्यांना धर्मशाळेत घेत नसत, त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. गाडगेबाबा आमच्या विदर्भाचे. देवळं बांधण्यापेक्षा धर्मशाळा बांधत फिरले, आणि हातात खराटा होता.

आणि आपला हिशेबही आपणच मांडावा. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले, प्रवासानं धुळीनं माखलेली मंडळी वेशीतल्या हौदावर हातपाय धुऊन आत निघाली. तेवढ्यात हौद बाटवला म्हणून आरडाओरडा करत लोक धावून आले. ते लोक मुसलमान होते. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. वुजूच्या पाण्याबद्दल हळवे होणाऱ्या आपल्याला तो हौद आठवायला हवा. कुणाला पाणी द्यायचं हे ठरवण्याची सत्ता हाती आली तेव्हा आपल्यातल्यांनीही तेच केलं होतं.

इस्लामला प्रवाशाची किती काळजी आहे हे खरं तर आपल्याला सांगायला नको. सफरमध्ये चार रकात नमाजच्या दोन होतात. रोजा पुढे ढकलता येतो. जकात कुणाला द्यायची, त्या आठ प्रकारच्या माणसांत 'इब्नुस्सबील', वाटेवरचा मुसाफिर, आहे. घरी तो श्रीमंत का असेना, वाटेत अडला तर त्याचा हक्क लागतो. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. असं असताना आपले मुसाफिरखाने कसे आहेत? ज्या शहरांत आहेत तिथे बहुतेक ठिकाणी संडासात पाय ठेववत नाही. बायकांसाठी वेगळी खोली असेल तर तिला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते माहीत नाही. आणि एखाद्या हिंदू वा आदिवासी कुटुंबाला रात्री तिथे उतरावंसं वाटेल अशी पाटी मी तरी कुठे पाहिली नाही. चंद्रपूर-नागपूर रस्त्याकडेच्या आपल्या शादीखान्यांची आवारं वर्षातले बरेच दिवस रिकामी असतात. तिथे चार गाड्यांना जागा, दोन स्वच्छ संडास, एक नळ आणि "कुणीही थांबावे" अशी मराठीतली पाटी, एवढं करायला सरकारच्या धोरणाची गरज नाही.

आलापल्लीत मात्र एवढ्यावर भागणार नाही. तिथला प्रश्न थांबणाऱ्याचा जितका, तितकाच ज्यांच्या दारात थांबायचं त्यांचा आहे.

कॅराव्हॅनच्या जाहिरातीत खिडकीतून सूर्यास्त दिसतो. गाडीच्या पोटाखालची टाकी दिसत नाही. पाच माणसांच्या दोन दिवसांच्या संडासची आणि भांडी-अंघोळीची घाण तिच्यात असते. ती भरली की रिकामी करावीच लागते. क्वार्ट्झसाईटला त्यासाठी खड्डा आहे. भामरागडच्या रस्त्यावर कुठे आहे? नसेल तर ड्रायव्हर अंधारात पहिल्या नाल्यावर गाडी थांबवेल आणि झडप उघडेल. त्या नाल्यावर खालच्या टोल्यातली माडिया बाई पहाटे गुंड घेऊन येते. हे मी घाबरवायला सांगत नाही. सोय न करता गाड्या सोडल्या तर हेच होणार, त्यात ड्रायव्हर वाईट असायची गरज नाही. लोकांची वाट, लोकांची सावली आणि लोकांचा पाणवठा, या ठिकाणी घाण करणाऱ्याला पैगंबरांनी लानतीचा धनी म्हटलं आहे. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा नियम जंगलातल्या मुक्कामाच्या फाटकावर लावावा इतका नेमका आहे.

माझे एक स्नेही, जंगलात आयुष्य काढलेले, म्हणतात की मुळात पर्यटक येऊच नयेत. मला त्यांचं दुःख कळतं. पण येणारे निघाले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात माओवाद्यांच्या एका सर्वांत वरच्या नेत्यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. चाळीस वर्षं ज्या भीतीनं बाहेरचा माणूस इथे आला नाही, ती ओसरते आहे. भीतीनं जे दूर ठेवलं होतं त्यात चांगलं आणि वाईट दोन्ही होतं, आता दोन्ही येणार. लोखंडाचे ट्रक आधीच आले. इथलं सागवान तर कधीपासून बाहेर जातंय. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी याच जंगलांतलं लाकूड मिरवणुकीनं गेलं. जाणाऱ्या मालासाठी इथे डेपो आहेत, नाके आहेत, वजनकाटे आहेत. येणाऱ्या माणसासाठी काही नाही. म्हणून येऊ द्यावं की नाही यापेक्षा, ते कुणाच्या अटींवर येणार, हे ठरवायची वेळ आहे. सोय नसली तर ते येणार नाहीत असं नाही. ते नाल्याकाठी थांबतील.

माझं म्हणणं एवढंच : कॅराव्हॅन पार्क करायचेच असतील तर गडचिरोलीत ते ग्रामसभांच्या हाती द्या. हे स्वप्नरंजन नाही. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावानं आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकून दाखवला. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवू शकते ती वीस गाड्यांचा ठेवू शकते. आष्टी, आलापल्ली, भामरागडच्या अलीकडे एखादं गाव, कमलापूर आणि सिरोंचा, अशा पाच जागा पुरेत. एकेका दिवसाच्या चालीवर. प्रत्येक ठिकाणी गाड्यांचा आकडा ठरलेला, त्याच्यावर एकही नाही. पक्क्या सेप्टिक टँकचा खड्डा, बायकांचे वेगळे संडास, पाणी, दिवा, दराची पाटी. स्वयंपाक गावातल्या बचतगटाचा. ज्याला हवं ते तो खाईल. आम्ही आमची शेगडी घेऊन येऊ, शाकाहारी माणूस त्याची. गोटुलात शिरायचं नाही, परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, रात्री गाणी लावायची नाहीत. आणि एखाद्या गावानं नको म्हटलं तर तिथे मुक्काम नाही. शहरातल्या ठेकेदाराला जागा दिली तर ही पाचही गावं आपल्याच जंगलात पहारेकरी आणि झाडूवाले होतील. मग टपरीवाली बाई बादली द्यायला तिथे नसेल, कारण तिची टपरी अतिक्रमण म्हणून उठलेली असेल.

भाच्याला परवा परत फोन केला. मोठ्या गाडीचा नाद सोड म्हणालो, साधी टेम्पो ट्रॅव्हलर कर. आलापल्लीत अब्बांच्या एका जुन्या क्लीनरच्या मुलाचं घर आहे, त्याच्या अंगणात दोन रात्री गाडी लावायची. तो गोंड, त्याची बायको तेलुगू, दोघांनीही "कितीही जण या" म्हणून सांगितलंय. सिरोंच्याला एका मास्तरांकडे सोय केली. भाचा खूश झाला. म्हणाला, "मामू, तुमच्याकडे सिस्टिम नाही पण माणसं आहेत."

मी हसलो, पण ते वाक्य मला काही कौतुकाचं वाटलं नाही. त्याचा मामू चंद्रपूरचा आहे आणि मामूचे अब्बा त्या रस्त्यावर ट्रक चालवत होते, म्हणून त्याच्या अम्मीला रात्री अंगणात दिवा मिळेल. ज्याचा इथे कुणी मामू नाही, त्यानं आलापल्लीत गाडी कुठे लावायची?